कोल्हापूरच्या भाषा मोजायला जनगणनेचा सी-१६ तक्ता कितपत कामाचा?

२०११ च्या जनगणनेचा हा मातृभाषांचा तक्ता फुकट मिळतो आणि पार तालुक्यापर्यंतचे आकडे देतो, ही मोठीच सोय. कोल्हापूर शहर ज्यात येतं तो करवीर तालुका निवडून नागरी रकाने बघा. बेरीज मात्र इथंच फसते: कोड तीन शून्यांवर संपणारी ओळ म्हणजे भाषेची एकूण संख्या, खालच्या ओळी तिचेच भाग. दोन्ही मिळवल्या की माणसं दुप्पट! मारवाडी, भोजपुरी हिंदीच्या पोटात सापडतात. करवीरच्या नागरी आकड्यात शहराबाहेरचं, सिंधी वस्तीचं गांधीनगरही येतं, त्यामुळे सगळे सिंधी भाषक कोल्हापूर शहरातले समजू नका.

खरी उणीव वेगळी आहे. घरी कन्नड आणि दुकानात मराठी बोलणारा माणूस इथं फक्त कन्नड भाषक दिसतो. दुसरी-तिसरी भाषा जनगणनेच्याच सी-१७ तक्त्यात आहे, पण राज्यापुरतीच. शहरासाठी लक्ष्मीपुरीच्या बाजारात वही घेऊन फिरायलाच हवं.