हत्तरसंग कुडल: टॉर्च नेलात तर पाच तारे, नाहीतर साडेतीन

सोलापूरला येणारे पाहुणे सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, चादरी घेतात, अक्कलकोट करतात आणि निघतात. यंदा पुण्याहून आलेल्या नणंदेला मी तिथे थांबू दिलं नाही. सात रस्त्यावरून गाडी ठरवली आणि विजापूर रोडने थेट कुडलला नेलं. अंतर चाळीसेक किलोमीटर, दक्षिण सोलापूर तालुका. भीमा आणि सीना तिथे मिळतात आणि भीमेपलीकडे कर्नाटक.

संगमेश्वराच्या देवळात बहुतेक लोक नमस्कार करून पाच मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. सभामंडपातल्या तुळईवर शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेवट असा: 'वाछि तो विजेया होईवा'. वाचील तो विजयी होईल. आता हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने एवढं आमिष दाखवलंय, तर आत धड उजेड तरी असावा की नाही? मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर दगड नुसता पांढरा दिसतो. बाजूने, तुळईला जवळजवळ टेकवून धरा. मग सावल्या पडतात आणि एकेक अक्षर वर येतं. 'वा' सापडल्यावर नणंदबाई अक्षरशः ओरडल्या, "वहिनी, हे शाळेत का नाही दाखवलं आम्हाला?"

हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गाडलेलं होतं, ते उत्खनन करून मोकळं केलं. तिथलं बहुमुखी शिवलिंग बघून मात्र टॉर्चशिवायही माणूस गप्प होतो. एकाच दगडावर रांगांनी कोरलेले 359 चेहरे, आणि लिंग स्वतः धरून 360. आमच्या पोरांनी मोजायला घेतले, तिसऱ्या रांगेत भांडण झालं, सोडून दिले. वरून उघडा असलेला स्वर्गमंडपही इथलाच, मान वर करून बघायला विसरू नका.

नीट माहिती सांगणारं कुणी भेटलं नाही, ही माझी मोठी तक्रार. घरून वाचून जा. हॉटेलच्या भरवशावरही राहू नका. आम्ही कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही नेलं होतं, घाटावर बसून फस्त केलं. एरवी माझी नणंद तिखटाला नाक मुरडते, पण चटणीचा डबा तिनेच पुसला.

गाडीवाला बरा. एसी मंद होता, पण घाई केली नाही, आणि ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही.

जायचं तर थंडीत, सकाळी लवकर. मार्चनंतर आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात उजनीतून भीमेला पाणी सोडलेलं असेल, तर निघण्याआधी गावात कुणाला तरी फोन करून विचारा.