शंभरपैकी ४१ : 'इन्फ्लुएन्स स्कोअर' देणाऱ्या अ‍ॅपचा माझा अनुभव

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. असली अ‍ॅपं बाजारात बरीच आहेत आणि साचा जवळपास एकच. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब जोडायचं, महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे (मी वर्षाचे २,९९९ भरले), की सोशल मीडियावर तुमचं वजन शंभरपैकी किती ते कळतं. माझं ४१ निघालं. भाचा म्हणाला, "मामी, पास झालीस."

मी अमळनेरची. घरी कळण्याचं पीठ, ज्वारीचे बिबडे (पापडासारखे), काळा मसाला करून विकते आणि सासूबाईंना घेऊन अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, रील टाकते. त्या बोलतात, मी मोबाइल धरते. फॉलोअर अठरा हजारांच्या वर. एका मसालेवाल्या कंपनीने जाहिरातीसाठी विचारलं आणि पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, तुमचा स्कोअर किती?" म्हणून हे घेतलं, नाहीतर या वाटेला गेले नसते.

आधी चांगलं सांगते. मीडिया किटची, म्हणजे कंपन्यांना पाठवायच्या आपल्या ओळखपत्रकाची, पीडीएफ झकास बनते. फोटो, फॉलोअर, वयोगट, गावं, गाजलेल्या रील, सगळं दोन पानांत. आधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉटची माळ पाठवायचे आणि समोरचा गोंधळायचा. दुसरं म्हणजे दिवाळीत मी एक गिव्हअवे केला होता, "फॉलो करा, मसाला जिंका" छापाचा. त्यातून आलेली बिनफोटोची, बिनपोस्टची खाती अ‍ॅपने बरोबर वेगळी काढून दाखवली. पासवर्ड मागत नाही, इन्स्टाग्रामच्या अधिकृत लॉगिननेच परवानगी घेतं, हेही ठीक.

आता ४१ कुठून आले ते बघू. मुख्य भाग 'एंगेजमेंट रेट'चा, म्हणजे लोकांनी किती टक्के प्रतिसाद दिला त्याचा. माझी कळण्याच्या भाकरीची रील घ्या. लाइक ६२०, कमेंट ४५. दोन्ही मिळून ६६५, भागिले १८,४०० फॉलोअर, म्हणजे ३.६ टक्के. अ‍ॅपने पिवळा रंग दिला, 'साधारण'. पण ही रील १८,४०० जणांनी बघितलेलीच नाही! इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या आकडेवारीत, म्हणजे इन्साइट्समध्ये, रीच (किती जणांपर्यंत पोचली) आहे ९,५००. ६६५ ला ९,५०० ने भागा, ७ टक्के होतात. शिवाय २४० जणांनी ती सेव्ह केली आणि ३१० वेळा कुणी ना कुणी पुढे पाठवली. तेही धरलं तर १,२१५ भागिले ९,५००, जवळपास १२.८ टक्के. रील तीच, भाकरी तीच, नुसतं भागायचं कशाने आणि मोजायचं काय एवढं बदललं की ३.६ चे १२.८ होतात. आणि त्या रीलमध्ये सेव्ह करण्यासारखंच होतं : ज्वारीत उडीद किती घालायचे, गिरणीत देताना मीठ किती. बाई ते लाइक करून सोडत नाही, ठेवून घेते आणि जावेला पाठवते.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की रील किती पसरणार हे ठरवताना तीन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या : लोक किती वेळ बघतात, रीचच्या मानाने लाइक किती आणि रीचच्या मानाने पुढे किती पाठवली जाते. नव्या माणसांपर्यंत पोचायला यातली तिसरी जास्त कामाची. मग अ‍ॅपच्या स्कोअरमध्ये ती का नाही? कारण साधं आहे. माझे सेव्ह आणि शेअर मी परवानगी दिल्यावर अ‍ॅपला दिसतात, पण ज्यांच्याशी माझी तुलना करून 'तुमच्या क्षेत्रात तुमचा क्रमांक' काढतात, त्या बाकीच्या लोकांचे तसे पूर्ण दिसत नाहीत. बाहेरून दिसतात ते मुख्यतः लाइक, कमेंट आणि फॉलोअर असे वरवरचे आकडे. तेही २०२१ पासून कुणालाही आपले लाइक लपवता येतात. तेव्हा तो क्रमांक बराचसा अंदाजपंचे.

यूट्यूबकडचीही तीच तऱ्हा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट (यूट्यूबचा छोटा व्हिडिओ) नुसता सुरू झाला किंवा संपून पुन्हा पहिल्यापासून लागला तरी एक व्ह्यू धरतात. जुन्या पद्धतीचा आकडा 'एंगेज्ड व्ह्यूज' म्हणून वेगळा दिसतो. अ‍ॅप मोठा आकडा घेतं आणि हिरवा बाण दाखवतं. खूश व्हायचं तर व्हा.

पण मला खरी चीड आली ती 'प्रेक्षक जुळणी' या भागाची. तिथे माझे गुण कापले. कारण काय, तर 'मजकूर मराठी, प्रमुख शहर सुरत, राज्य गुजरात. स्थानिक प्रभाव कमी.' आता यांना कोण सांगणार! अमळनेर सुरत-भुसावळ रेल्वे लाइनवर. यंत्रमाग आणि कापडाच्या कामासाठी खान्देशातल्या घराघरांतून माणसं सुरतेला गेली. उधना, लिंबायतकडच्या कितीतरी गल्ल्यांमध्ये अजून अहिराणी ऐकू येते. माझी नणंद उधन्यालाच आहे. तिच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यात माझ्या बिबड्यांची नोंदणी होते आणि डबे गाडीने, ओळखीच्या माणसाच्या हाती जातात. जळगावपेक्षा माझं गिऱ्हाईक तिकडे जास्त. अ‍ॅपच्या हिशोबी ही सगळी मंडळी परकी. माझ्या हिशोबी सगळ्यात पक्की तीच.

मसालेवाल्या कंपनीने तोच कागद वाचून विचारलं, "महाराष्ट्रातली ऑडियन्स वाढवाल का?" मी म्हटलं, "तुमचा काळा मसाला सुरतेत विकायचा नसेल तर राहू द्या." अजून फोन नाही.

'भावना विश्लेषण', म्हणजे कमेंट चांगली की वाईट ते ठरवणारा भाग, तर करमणूक म्हणून बघा. बिबड्यांचा घाटा (शिजवलेलं पीठ) हलवताना सासूबाई मला बोलल्या, ती रील चालली. खाली कुणीतरी लिहिलं, "हासी हासी मरी गऊ", म्हणजे हसून हसून मेले. अ‍ॅपने लाल ठिपका लावला : नकारात्मक. "आजीनी जीभ करवत शे" हेही नकारात्मक. "भारी शे" (भारी आहे) मात्र तटस्थ. अहिराणी त्याला ओळखताच येत नाही, मोडकीतोडकी हिंदी-मराठी समजून काहीतरी लावतं. मदत केंद्राला कळवलं तर उत्तर आलं, "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे." सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, मला नापास करणारा हा कोण?

माणसाला एका आकड्यात बसवायचा हा खटाटोप नवा नाही. अमेरिकेत २००८ मध्ये क्लाउट नावाची सेवा निघाली, १ ते १०० असाच स्कोअर द्यायची. जस्टिन बीबरला त्यात एकेकाळी पैकीच्या पैकी १०० होते आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा त्याच्या खाली. लास वेगासमधलं एक हॉटेल तर हा स्कोअर बघून पाहुण्यांची बडदास्त ठेवायचं. २०१४ मध्ये लिथियम टेक्नॉलॉजीजने क्लाउट विकत घेतली आणि २५ मे २०१८ ला ती बंद झाली. तेव्हा गल्लीगल्लीत रीलवाले नव्हते, आता आहेत, म्हणून दुकानं परत उघडली.

अ‍ॅपची आणखी एक खोड. लग्नसराईत मी रील कमी टाकल्या तर स्कोअर घसरला, त्याच काळात ऑर्डरी मात्र रुखवताच्या बिबड्यांनी भरलेल्या. मग नुसतं गाजणारं गाणं लावून घराच्या लायटिंगची एक रील टाकली, स्कोअर वर. पिठाचं एक पाकीट त्यातून गेलं नाही.

घ्यावं का? तुम्हाला ब्रँडची कामं हवी असतील आणि समोरचा स्कोअर मागतच असेल, तर एक महिन्याचं घ्या, पीडीएफ काढा आणि सोडा. वर्षाचं घेऊ नका. घरगुती विक्रीसाठी इन्स्टाग्रामचं फुकटचं इन्साइट्स पुरतं. खातं फक्त प्रोफेशनल करून घ्यायचं. मी त्यात सेव्ह, शेअर आणि शहरं बघते, आणि इनबॉक्समध्ये "भाव काय" किती जणांनी विचारलं ते वहीत लिहिते. वहीला चार्जिंग लागत नाही.

पाचपैकी दोन तारे. एक पीडीएफला, एक बनावट खाती पकडल्याबद्दल. सोडताना दोन कामं विसरू नका. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स आणि वेबसाइट्स'मधून त्याची परवानगी काढा. आणि तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून त्याचा मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करा, नुसतं अ‍ॅप मोबाइलमधून उडवलं तर तो रद्द होत नाही आणि पुढच्या वर्षीचे २,९९९ कापले जाऊ शकतात.