सीएनसी मिलिंग मशीनसाठी हँडव्हील पेंडंट आणि बटणे: वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या लहान मिलिंग मशीनचा कंट्रोल संगणकावर चालतो आणि सुरुवातीला मी जॉगसाठी (अक्ष हाताने हवे तसे सरकवण्यासाठी) साधा यूएसबी कीबोर्डच वापरत होतो. एकदा स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) सुरू होताच त्याच्या ड्राइव्हच्या विद्युत गोंगाटाने यूएसबीची जोडणी तुटली, कळ सोडल्याचा संदेश कंट्रोलरपर्यंत पोहोचलाच नाही, आणि अक्ष तसाच सरकत जाऊन एंड मिल (कापणारे टूल) जॉब म्हणजे कापायचा तुकडा पकडणाऱ्या व्हाइसवर आदळून तुटले. त्यानंतर मी वायरचा हँडव्हील पेंडंट (अक्ष सरकवायचे चाक असलेला, हातात धरायचा कंट्रोल) आणि 22 मिलिमीटरची पॅनेल बटणे बसवली.

पेंडंटच्या चाकाला एका फेरीत 100 खाचा आहेत. निवड-स्विच एकपट, दहापट किंवा शंभरपटवर ठेवला की एका खाचेला अनुक्रमे 0.001, 0.01 आणि 0.1 मिलिमीटर सरक मिळते. टूल जॉबच्या किती जवळ आले ते पाहण्यासाठी स्पिंडल बंद ठेवून टूल आणि जॉब यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरायची, दहापटवर एकेक खाच फिरवायची आणि पट्टी ओढताना जड लागू लागली की थांबायचे. या साऱ्या वेळात नजर टूलवरून हलत नाही, आणि मला पेंडंट घ्यावासा वाटला तो मुख्यतः यासाठीच. शंभरपटवर चाक जोरात फिरवल्यास मात्र पल्स (चाकाकडून येणारे संकेत) साठतात आणि चाक थांबल्यानंतरही अक्ष उरलेले अंतर कापत राहतो, म्हणून जॉबच्या जवळ मी शंभरपट कधीच वापरत नाही.

इमर्जन्सी स्टॉप निवडताना कसलीही तडजोड करू नये. पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल, दाबल्यावर अडकून राहणारे बटण हवे. त्याचा संपर्क नॉर्मली क्लोज्ड (बटण न दाबता जोडलेला) असावा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते, आणि तो सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता सेफ्टी रिलेमार्फत (सुरक्षेसाठीच्या विद्युत स्विचमार्फत) ड्राइव्हची शक्ती तोडणारा असावा. काही यूएसबी पेंडंटवरचे लाल बटण संगणकाला केवळ एक संदेश पाठवते. त्याला इमर्जन्सी स्टॉप म्हणणे मला मान्य नाही. आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही: मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक (ज्यात संपर्क असतो तो भाग) बटणापासून सुटला, तर साधा नॉर्मली क्लोज्ड संपर्क जोडलेलाच राहतो आणि बटण दाबूनही काही होत नाही. ब्लॉक सुटताच सर्किट तोडणारे स्वयंनिरीक्षक ब्लॉक मिळतात. मी तेच घेतले.

सायकल स्टार्टचे (प्रोग्राम सुरू करण्याचे) बटण कडीच्या आत खोल बसणारे घेतले, तर फीड होल्डचे (अक्षांची हालचाल थांबवण्याचे) उठावदार आणि त्यापासून हातभर दूर ठेवले. फीड ओव्हरराइडसाठी (सरकण्याचा वेग कमी-जास्त करण्यासाठी) पोटेन्शिओमीटरऐवजी (सलग फिरणाऱ्या नॉबऐवजी) टप्प्यांचा रोटरी स्विच बसवला, कारण पोटेन्शिओमीटरचे मूल्य पडद्यावर सतत थरथरत असे.

पेंडंटबद्दल तक्रार एकच आहे: पाठीमागचे चुंबक दुबळे आहे. गुंडाळीची वायर ताणली गेली की तो मशीनच्या पत्र्यावरून घसरतो, म्हणून मी त्याला टांगायला लोखंडी आकडा लावला आहे.