व्ही-क्रॉसला नट-बोल्टवाले रॉक स्लायडर : आठ महिन्यांनंतर

रॉक स्लायडर म्हणजे दगडापासून वाचवायला दाराखाली दोन्ही बाजूंना बसवायचे दणकट पाइप. एप्रिलमधे बसवले, मधे अख्खा पावसाळा काढला, म्हणून आता बोलायला हरकत नाही.

गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप. आमचं शेत शाहूवाडी साइडला, शेवटची दीडेक किलोमीटर पाणंद. उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्यात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो आणि कडेला जांभ्याचे दगड वर आलेत. ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) 225 मिमी, तसा बक्कळ, पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) 3095 मिमी, तीन दारी थारचा 2450, त्यामुळे थार जिथनं अलगद निघते तिथं आमची मधोमध टेकते. आधी साधे फुटबोर्ड होते. एकदा डावा दगडावर बसला तो वर वाकून दाराखालच्या पत्र्यातच घुसला, मागचं दार उघडेना. डेंटिंगचं बिल बघून त्याच आठवड्यात स्लायडरचं ठरवलं.

लोक म्हणतात फुटबोर्डच आहे की हा. नाही भावा. फुटबोर्ड पातळ ब्रॅकेटवर लटकतो, माणूस चढण्यापुरता. स्लायडर थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, गाडीचा भार त्याच्यावर आला तरी वाकता कामा नये. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतले, 48 मिमीचा पाइप, 3 मिमी जाडी, 6 मिमी प्लेटचे ब्रॅकेट एका साइडला चार, जोडीचं वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. वेल्डिंग नको म्हटलं कारण चॅसीला एकदा वेल्ड मारलं की ते कायमचं, उद्या स्लायडर वाकला तर बदलायचा कसा. इन्शुरन्सवाल्यांना मात्र लेखी कळवलंय, ते करा.

आता गंमत. चॅसी म्हणजे आतनं पोकळ पेटी. पठ्ठ्याने आरपार भोक पाडून एम-12 चे (12 मिमी जाडीचे) बोल्ट घातले आणि पाना मारला, तर बोल्ट आवळेल तसा चॅसीचा पत्रा आत दबायला लागला. बॅटरी मारून बघितलं म्हणून दिसलं, नाहीतर तसंच गेलं असतं. मग बोल्टवर चढेल असा पाइपचा तुकडा चॅसीच्या आतल्या रुंदीइतका कापून आत घातला, त्यावर बोल्ट आवळला, तेव्हा कुठं घट्ट बसलं. तुम्ही बसवत असाल तर हे आधी विचारा, आणि ड्रिल मारायच्या आधी आतल्या बाजूने ब्रेकचा पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग कुठनं गेलंय ते स्वतः खाली झोपून बघा.

दुसऱ्याच आठवड्यात खालनं टक टक. मी मागच्या सस्पेन्शनचे पाटे आणि शॅकल तपासत बसलो, निघाले तीन नट ढिले! नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) बसवले, टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणारा पाना) 80 न्यूटन-मीटरला आवळले आणि नट-बोल्टवर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. त्यानंतर एकही हलला नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा. उजवा स्लायडर दोनदा जोरात बसला, एकदा तर चाक चाकोरीत घसरलं आणि आख्खी बाजू दगडावर, पाइपला अंगठा बसेल एवढा पोचा आलाय, दाराखालच्या पत्र्याला ओरखडाही नाही. पैसे तिथंच वसूल. पण खालच्या बाजूची पावडर कोटिंग सोलून गेली, ब्रॅकेट आणि चॅसीच्या फटीत लाल माती थापून बसली, ती वरनं दिसत नाही, धुताना निघत नाही.

दिवाळीत साफसफाईला खोलायला घेतले. सोळापैकी चौदा बोल्ट निघाले, एक डब्ल्यूडी-40 चा (गंजलेले बोल्ट सोडवायचा) स्प्रे मारून रात्रभर ठेवल्यावर निघाला, आणि शेवटच्याने 19 नंबरच्या पान्याला दादच दिली नाही, कोपरे गोल झाले. ग्राइंडरने कापला, शेजारी ब्रेकचा पाइप, त्यावर ओलं पोतं टाकून, भाऊ पाण्याची बादली घेऊन उभा. काढता येतात काढता येतात म्हणून घेतले आणि ही तऱ्हा. आता कोटिंग घासून साधा ब्लॅक पेंट मारलाय, बोल्टच्या दांड्याला कॉपर ग्रीस लावतो, आटे कोरडे ठेवतो, आणि दर तीन महिन्यांनी एक साइड खोलून माती काढतो. दुपार जाते.

मायलेजमधे फरक जाणवला नाही. पाइप गोल असल्यामुळे ओला झाला की पाय सटकतो, ग्रिप टेप पहिल्याच धुण्यात निघून आली, वरनं चेकर्ड प्लेटची (उंचवट्यांची नक्षी असलेल्या पत्र्याची) पट्टी मारायचीय. तोवर आई पुढच्या सीटवर चढताना दरवेळी सुनावते, तुझा तो जुना फुटबोर्डच बरा होता.