अर्धाच उरलेला दौरा : केट बुश यांची ‘लाइव्ह ॲट हॅमरस्मिथ ओडियन’ ही चित्रफीत

इंग्लिश गायिका केट बुश यांनी १९७९ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ब्रिटन व युरोपातील शहरांचा जो दौरा केला, तो त्यांचा पहिला दौरा होता आणि आजवरचा एकमेवही तोच आहे. ‘टूर ऑफ लाइफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दौऱ्यातील १३ मेचा लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन नाट्यगृहातील प्रयोग चित्रित करण्यात आला. त्यातील बारा गाण्यांची चित्रफीत १९८१ मध्ये व्हिडिओ कॅसेटवर आली आणि १९९४ मध्ये तिचा सीडीसह संच निघाला. प्रेक्षकांसमोर स्वतःचा कार्यक्रम सादर करणाऱ्या केट बुश अधिकृतपणे पाहायच्या असतील, तर आपल्या हाती ही तासाभराहूनही कमी लांबीची चित्रफीतच आहे. ती आवर्जून पाहावी असे माझे मत आहे. मात्र ती पाहून हा दौरा पाहिल्याचे समाधान कोणी मानू नये, कारण दौऱ्याचे जे खरे सामर्थ्य होते त्यालाच संकलनाची कात्री लागली आहे.

दौरा निघाला तेव्हा केट बुश यांना वयाची एकविशीही पूर्ण झालेली नव्हती. ‘वुदरिंग हाइट्स’ हे त्यांचे पहिलेच गाणे १९७८ च्या मार्चमध्ये ब्रिटिश विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि चार आठवडे तिथेच राहिले. स्वतः रचलेले गाणे त्या स्थानावर नेणारी ही पहिलीच स्त्री. त्याच वर्षी त्यांचे दोन अल्बम निघाले. रंगमंचाचा अनुभव म्हणावा, तर १९७७ मध्ये एका छोट्या बँडबरोबर लंडनच्या पबांमधून गायल्या होत्या, एवढाच. अशा गायिकेने पियानोसमोर बसून गाजलेली गाणी म्हटली असती, तरी नाट्यगृहे भरली असती. त्यांनी मात्र तीन अंकांचा, चोवीस गाण्यांचा आणि सतरा वेशांतरांचा प्रयोग उभा केला. लिंडसे केम्प यांच्याकडे त्या मूकाभिनय शिकल्या होत्या. नृत्यरचनेसाठी अँथनी व्हॅन लास्ट, सोबत स्टुअर्ट एव्हन अर्नोल्ड आणि गॅरी हर्स्ट हे दोन नर्तक, जादूचे खेळ करणारे सायमन ड्रेक, वादकांमध्ये थोरले बंधू पॅडी बुश, असा हा चमू होता. गाण्यांच्या मध्ये दुसरे बंधू जॉन कार्डर बुश कविता म्हणत. हे सारे पाहता याला मैफल म्हणण्यापेक्षा नाट्यप्रयोग म्हणणेच योग्य वाटते, आणि या चित्रफितीचे मूल्यमापनही मी त्याच दृष्टीने करतो आहे.

२ एप्रिलला इंग्लंडमधील पूल या गावी पूर्वप्रयोग झाला आणि ३ एप्रिलला लिव्हरपूलमध्ये दौऱ्याची रीतसर सुरुवात झाली. बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, मँचेस्टर, एडिंबरा अशी शहरे घेत तो लंडनच्या पॅलेडियममध्ये पाच रात्री थांबला. त्यानंतर स्टॉकहोम, कोपनहेगन, हॅम्बुर्ग, ॲमस्टरडॅम, स्टुटगार्ट, म्युनिक, कोलोन, पॅरिस, मॅनहाइम आणि फ्रँकफर्ट करून मंडळी पुन्हा लंडनला परतली. मोठा उतार असलेले ते नेपथ्य, दिवे, वाद्ये आणि वेशभूषेचे सामान घेऊन दर दोन-तीन दिवसांनी नव्या गावी प्रयोग लावायचा आणि तिथल्या रंगमंचाशी जुळवून घ्यायचे, हे किती कष्टाचे काम आहे ते नाटकमंडळीबरोबर फिरलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. चित्रफितीत या प्रवासाचा मागमूस नाही. ती एकाच नाट्यगृहात सुरू होते आणि तिथेच संपते.

चित्रफीत पाहताना पहिले लक्ष जाते ते केट बुश यांच्या गालाजवळ असलेल्या छोट्या मायक्रोफोनकडे. हातात माइक धरला तर नाचता येत नाही आणि स्टँडवर ठेवला तर जागा सोडता येत नाही, ही त्या काळातील प्रत्येक गायकाची अडचण होती. या दौऱ्याचे ध्वनितंत्रज्ञ मार्टिन फिशर यांनी कपडे टांगायच्या तारेच्या हँगरला वाक देऊन डोक्यावर बसेल असा सांगाडा तयार केला आणि त्यावर बिनतारी माइक बसवला. पॉपच्या रंगमंचावरील अशा माइकच्या अगदी पहिल्या वापरांपैकी हा एक होय. पुढे नाचत गाणाऱ्या कलाकारांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या साधनावर उभ्या राहिल्या, ते इथे असे घरगुती रूपात दिसते. त्यामुळे केट बुश यांचे दोन्ही हात मोकळे राहिले, आणि ते हात कसे बोलतात हे पाहणे हा या चित्रफितीतील सर्वांत मोठा आनंद आहे. नटाने भूमिका न सोडता, पात्राच्या मनःस्थितीत राहूनच पद म्हणावे, ही अपेक्षा संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला नवी नाही. तो प्रेक्षक इथे लगेच रमेल.

‘मूव्हिंग’ या गाण्याने पडदा उघडतो, तेव्हा आधी देवमाशांचे आवाज ऐकू येतात आणि मग पारदर्शक पडद्यामागे गायिकेची आकृती हलू लागते. ‘देम हेवी पीपल’मध्ये रेनकोट आणि हॅट घातलेली ठसकेबाज मंडळी अवतरतात. ‘स्ट्रेंज फिनॉमेना’मध्ये गायिका उंच टोपी घातलेला जादूगार होते. ‘जेम्स अँड द कोल्ड गन’मध्ये बंदूक हाती घेऊन ती समोर येणाऱ्या प्रत्येकाला टिपते आणि रक्ताच्या जागी लाल फिती उसळतात. हा प्रवेश लांबला आहे असे काहींना वाटेल, पण गिटारचा जोर आणि उतारावरची तिची चाल यांमुळे मला तो एकदाही कंटाळवाणा वाटला नाही. त्याच्या अगदी उलट प्रकृतीचे ‘ओह इंग्लंड माय लायनहार्ट’ हे गाणे दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकाच्या जुन्या जाकिटात, जवळजवळ स्थिर उभे राहून म्हटले आहे. एवढ्या धावपळीनंतर श्वास ताब्यात ठेवून इतक्या हळुवार स्वरांत गाणे ही सोपी गोष्ट नाही. केवळ पियानोच्या साथीने गायलेले ‘फील इट’ तर मी पुन्हा पुन्हा लावून ऐकले. स्टुडिओतील ध्वनिमुद्रणात न आढळणारी एक निकटता त्यात आहे आणि आवाजाची वरची पट्टीही सहज लागलेली आहे.

शेवटी येते ‘वुदरिंग हाइट्स’. एमिली ब्राँटे यांच्या कादंबरीतील कॅथीचे भूत खिडकीशी येऊन आत घेण्याची विनवणी करते, या प्रसंगावरचे हे गाणे धुक्यातून सादर होते, आणि दूरदर्शन संचावर असंख्य वेळा पाहिलेल्या त्या हातवाऱ्यांना इथे पूर्ण रंगमंच मिळतो.

आता उणिवांविषयी. चोवीस गाण्यांपैकी बारा ठेवायची म्हणजे निम्मा प्रयोग वगळायचा, आणि वगळले काय ते पाहिले की मन खरोखर हळहळते. विक्रीयादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचलेले ‘द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज’ इथे नाही. तेव्हा कोणत्याही अल्बमवर न आलेली दोन नवी गाणी प्रयोगात होती. त्यांपैकी ‘व्हायोलिन’ राहिले, ‘इजिप्त’ गेले. अंकांची रचनाही गेली. वेशांतराच्या वेळी रंगमंचावर चालणारे जादूचे खेळ, कविता, प्रकाशाचे बदल हे या प्रयोगाचे सांधे होते, आणि सांधेच काढून टाकल्यामुळे एकसंध नाट्यप्रयोगाऐवजी सुटी सुटी गाणी समोर येतात. कॅमेराही अनेकदा चुकतो. नर्तकांसह उभी केलेली आकृती ऐन भरात असताना तो गायिकेच्या चेहऱ्यावर जातो, आणि मूकाभिनयात जे पाय आणि खांदे बोलत असतात ते चौकटीबाहेर राहतात. अंधाऱ्या प्रवेशांत व्हिडिओची प्रतिमा मातकट दिसते. ‘हॅमर हॉरर’ हे गाणे तर रंगमंचावर गायलेलेच नाही. ध्वनिमुद्रित गाणे लावून त्यावर केवळ नृत्य केले आहे. त्यात फसवणूक मुळीच नाही, कारण त्या नृत्यात तोंडाजवळ माइक धरून गाण्याचा आव कुठेच आणलेला नाही. तरीही जिवंत गायनाच्या सलग प्रवाहात ते थोडे उपरे वाटते.

या चित्रणामागे एक दुःखही आहे. पूल येथील प्रयोगानंतर बिल डफिल्ड हा प्रकाशयोजनेत काम करणारा तरुण तंत्रज्ञ उंचावरून पडला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. १२ मे रोजी, म्हणजे चित्रणाच्या आदल्याच रात्री, याच नाट्यगृहात त्याच्या कुटुंबासाठी मदतीचा प्रयोग झाला आणि त्यात पीटर गेब्रियल व स्टीव्ह हार्ली हेही गायले. पुढच्या, १९८० च्या अल्बमवर केट बुश यांनी बिलच्या नावाने एक गाणेही ठेवले. चित्रफितीत याचा उल्लेख नाही. ही पार्श्वभूमी ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मात्र मंडळींच्या चेहऱ्यावरचा उत्साह अधिक मोलाचा वाटेल.

यानंतर केट बुश यांचे स्वतःचे पूर्ण कार्यक्रम थेट २०१४ मध्ये झाले. पस्तीस वर्षांनी त्याच हॅमरस्मिथच्या नाट्यगृहात त्यांनी बावीस रात्री प्रयोग केले, पण त्यांचे २०१६ मध्ये निघालेले प्रकाशन केवळ ध्वनिमुद्रणाचे होते. म्हणूनच १९७९ चे जे काही चित्रण त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या संग्रहात असेल, ते नव्याने स्वच्छ करून, वगळलेले प्रवेश जोडून बाहेर यावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तोवर ज्यांना विकत घ्यायचे असेल त्यांनी १९९४ चा संच शोधावा, कारण त्यातील सीडीवर हीच बारा गाणी प्रतिमेच्या मातकटपणाशिवाय ऐकता येतात आणि बँडची घट्ट साथ नीट लक्षात येते. त्याच्या जोडीला १९७९ मध्येच निघालेली ‘ऑन स्टेज’ ही चार गाण्यांची तबकडीही मिळवावी. तिच्यातील तीन गाणी चित्रफितीत आहेतच, पण ‘लामूर लुक्स समथिंग लाइक यू’ हे चौथे गाणे चित्रफितीत नाही आणि सीडीवरही नाही; त्या एका गाण्यासाठी जुन्या तबकड्यांच्या दुकानात फेरी मारावी लागली, तरी ती जरूर मारावी.