आवर्तसारणीचा भिंततक्ता: घ्या, पण शेवटची ओळ बघून

पुतणी दहावीला. विज्ञान भाग १ मधला दुसराच धडा मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा, म्हणून नवी पेठेतून हा मराठी तक्ता आणला. १८० रुपये. लॅमिनेशन दणकट, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यातही कडा वळल्या नाहीत.

रंगांची वाटणी झकास. पहिल्या गणातले (म्हणजे उभ्या रांगेतले) लिथियम, सोडियम, पोटॅशियम केशरी, १७व्यातले हॅलोजन हिरवे, १८व्यातले राजवायू जांभळे. पहिल्या २० मूलद्रव्यांच्या घरात इलेक्ट्रॉन संरूपणही, म्हणजे कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन तेही, छापलंय: सोडियम २, ८, १, पोटॅशियम २, ८, ८, १. शेवटचा तो एकटा, सहज सुटणारा इलेक्ट्रॉन दाखवला आणि ही मंडळी पाण्यात पडली की का भडकतात, ते पोरीला लगेच उमगलं. हायड्रोजनही पहिल्याच गणात, पण पांढरा ठेवलाय. बरं केलं, तो धातू थोडाच आहे!

तळाशी वेगळी काढलेली लँथॅनाइडांची ओळ मात्र चष्मा लावूनही वाचवत नाही. आणि सातव्या आवर्ताच्या (म्हणजे आडव्या ओळीच्या) टोकाला, ११८ क्रमांकावर, अजून 'उनउनऑक्टियम'! त्याचं ओगॅनेसॉन हे नाव २०१६ मध्येच पक्कं झालं की. दुकानदार म्हणाले, "जुना माल हाय, काका." मग किंमत तरी जुनी लावा ना! पाचपैकी साडेतीन.