स्पा, पंचकर्म की घरोघरी मालिश: शिकायचं तर कुठलं?

मावसबहिणीची मुलगी बारावी कॉमर्स झाल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मला मालिशचं शिकायचंय. स्पात जाऊ की पंचकर्मात?" मी आधी तिचे अंगठे बघितले. तिचा अंगठा मागे भरपूर वाकतो. असा अंगठा दाब देताना लवकर दुखावतो, म्हणून पहिल्या दिवसापासून कोपर आणि मनगटाखालचा हात वापरायची सवय लावावी लागते. मी चार वर्षं पंचकर्मात काढली, चार वर्षं हॉटेलच्या स्पात, आणि आता घरोघरी जाते. या कामात हातच आधी दगा देतात, त्यामुळे कुठलंही ठिकाण निवडताना मी दोनच गोष्टी बघते. दिवसाला किती अंगं चोळायची, आणि गिऱ्हाईक नक्की कोणाचं, तुमचं की मालकाचं?

स्पात गिऱ्हाईक मालकाचं. दहावी-बारावी झालेल्याला काही महिन्यांच्या ट्रेनिंगवर काम मिळतं. स्वीडिश, डीप टिश्यू, अरोमा आणि गादीवर कपड्यांसकट ताण देत करायचं थाई, एवढं तर आलंच पाहिजे. एसी, मंद दिवे, स्वच्छ युनिफॉर्म, पगार, वर टिप आणि कमिशन. इंग्रजी बोलता येत असेल तर मोठी हॉटेलं, गोवा आणि पुढे बोटीवरची नोकरी हे रस्तेही उघडतात. मात्र शनिवार-रविवार आणि सणवार विसरायचे. पॅकेज विकायचं टार्गेट असतं. गर्दीच्या दिवशी साठ-साठ मिनिटांची सहा सेशन झाली की संध्याकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, हे मी स्वतः भोगलंय. गोव्यात तर ऑक्टोबर ते मार्च दम घ्यायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात टिपेचा डबा रिकामा.

शिवाय 'स्पा' म्हटलं की समोरचा गालातल्या गालात हसतो, ते वेगळंच. चांगले स्पा आहेत, भरपूर आहेत, पण गल्लीतल्या एखाद्या बोर्डामागे काय चालतं ते बाहेरून कळत नाही. मुलाखत प्रत्यक्ष जागेवरच द्या. खोलीला आतून कडी आहे का बघा. गिऱ्हाईक वाकडं वागलं तर सेशन तिथेच थांबवायची मुभा आहे का, हे मॅनेजरला तोंडावर विचारा. उत्तर द्यायला तो घुटमळला तर समजून जा. आणि मूळ प्रमाणपत्रं 'जमा' करून घेत असतील तर चहाही न पिता उठा. माझ्या पहिल्या स्पात ती ठेवून घेतली होती. सोडवायला सात महिने गेले.

पंचकर्माचं गणित उलटं आहे. तिथे पेशंट वैद्यांचा. काय करायचं ते वैद्य ठरवतात आणि तुमच्या हातून ते होतं. आयुर्वेदिक रुग्णालयांतून आणि कॉलेजांतून पंचकर्म सहायकाचे कोर्स चालतात, बरेचसे वर्षभराचे. अभ्यंगाला, म्हणजे अंगभर तेल लावायला, द्रोणीच्या (मालिशच्या लाकडी टेबलाच्या) दोन्ही बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि चारही हात एका लयीत चालावे लागतात. जोडीदारीण घाईची असली तर पेशंटला लगेच कळतं. तेल गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं, आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायचा. मग स्वेदन म्हणजे वाफेचा शेक, आणि शिरोधारा म्हणजे कपाळावर तेलाची धार.

इथपर्यंत सगळ्यांना आवडतं. खरी परीक्षा वमनाची, म्हणजे औषध देऊन उलट्या करवण्याची, आणि बस्तीची, म्हणजे औषधी एनिमाची. वमनाच्या दिवशी पेशंटच्या पाठीवरून हात फिरवत, कपाळ धरून वेग, म्हणजे उलटीचे उमाळे, मोजायचे आणि नंतर भांडी तुम्हीच उचलायची. बस्तीनंतरचं तर लिहीतही नाही. माझ्या बॅचमधल्या दोघींनी इथेच राम राम ठोकला.

पगार स्पापेक्षा साधारण कमी, टिप जवळजवळ नाही. पण वेळ ठरलेली आणि रविवारी बहुतेक ठिकाणी सुट्टी. हंगामही वेगळा: वसंतात वमन, वर्षेत बस्ती, शरदात विरेचन, म्हणजे जुलाब. म्हणजे गोव्यातली थेरपिस्ट पावसाळ्यात गावी येऊन बसते तेव्हा पुण्यात बस्तीच्या खोलीबाहेर रांग असते. आणि 'वैद्यबाईंकडे आहे' म्हटलं की सासरचे पुढचे प्रश्न विचारत नाहीत. हसू नका, मुलीच्या जातीला हा मुद्दा मोठा असतो. उणीव एकच, पण पक्की. कितीही वर्षं काढा, तुम्ही सहायकच राहता. वैद्य व्हायचं तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन बीएएमएस ही आयुर्वेदाची साडेपाच वर्षांची पदवी, त्याला शॉर्टकट नाही.

दोन्हीकडे नोकरी पत्करण्याआधी पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का ते विचारा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कायद्यात बसत असेल तर ईएसआयसी तुमचा हक्क आहे.

गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने तुमचं होतं ते घरोघरीच्या कामात, त्यातही बाळ-बाळंतिणीच्या. सव्वा महिना रोज त्याच घरी जायचं. बाळाच्या आजीचा विश्वास बसला की पुढचं घर तीच शोधून देते. हिशेबापुरता आकडा घेऊ. एका घरचे रोज ५०० रुपये ठरले, सकाळी ३ घरं, महिन्याचे २६ दिवस, तर ३९,००० रुपये होतात. दुपारी एकला मोकळ्या. पण तीन बाळंतिणी एकामागून एक मिळतीलच असं नाही, आणि तुम्ही तापाने पडलात तर त्या दिवसाचे पैसे बुडाले.

ज्ञान मात्र इथे सगळ्यांत जास्त लागतं, जरी प्रमाणपत्र कोणी विचारत नसलं तरी. सिझेरियन झालेलीच्या पोटाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. बाळाच्या नाकाकानात तेल घालायचं नाही, आजी कितीही म्हणाली तरी. बाळंतिणीची एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. आत गुठळी असली तर चोळण्याने जिवावर बेतू शकतं.

अ‍ॅपवरून घरी जाण्याचं काम मला मधल्यामध्ये लटकल्यासारखं वाटतं. घडीचं टेबल खांद्याला लावून लिफ्ट नसलेले तीन मजले चढायचे, आणि गिऱ्हाईक अ‍ॅपचंच. मुलग्यांना वाटा थोड्या निराळ्या. बायकांना बाईच हवी असते, त्यामुळे मुलग्यांनी हॉटेलं, पुरुष पेशंट किंवा खेळाडूंकडे बघावं. कोल्हापूरच्या तालमीत अंग रगडायला शिकलेला हात तिथे वाया जात नाही.

फिजिओथेरपी ही मालिशची वरची पायरी आहे असं समजू नका. ती वेगळी पदवी, सायन्सला बायोलॉजी लागते. आमच्या मुलीसाठी तो दरवाजा बंदच होता.

तिला मी सांगितलं ते असं: दोन वर्षं पंचकर्मात काढ, शरीर वाचायला शीक, मग घरोघरी जा. स्पा तेव्हाच, जेव्हा इंग्रजीवर मेहनत घ्यायची तयारी असेल आणि गोव्याची किंवा बोटीची खरीच ओढ असेल. टेबल नेहमी इतकं खाली घे की शेजारी उभं राहून हात सरळ सोडला तर मूठ वर टेकेल, म्हणजे अंगाचा भार वापरता येतो, अंगठ्यावर येत नाही.

तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसत नव्हतं. म्हणून मार्चमध्ये ओळखीच्या वैद्यबाईंना आणि पेशंटला विचारून तिला वमनाच्या दिवशी नेऊन उभं केलं. दुपारी आली तेव्हा ओढणीला तिळाच्या तेलाचा वास येत होता आणि चेहरा पांढराफटक. पाणी प्यायली, जरा वेळ गप्प बसली.

"सहा वेग झाले," म्हणाली. "पाचव्यापर्यंत मी डोळे मिटले होते. सहावा मी मोजला."